बाराव्या दिवसाची रजा

कुंभोजकर सरांनी मला एकतीस मार्चची रजा दिली, तेव्हा त्यात त्यांचा फायदा काय हे मला काही केल्या सापडेना.

माझा फायदा सरळ होता. त्या दिवशी माझ्या मुलीचं बारसं होतं, मिरजेला, सासुरवाडीत. डोहाळजेवणाच्या दिवशी मी जतला एका पतसंस्थेची खाती तपासत बसलो होतो. मुलगी जन्मली तेव्हा विट्याच्या एका सूतगिरणीत गाठी मोजत होतो. दवाखान्यात पोचलो तोवर तिला बघून गेलेल्यांत माझा नंबर अकरावा लागला. आता बारसंही चुकवलं असतं, तर पाळण्याशेजारी माझा फोटो ठेवून कार्यक्रम उरकायची बायकोची तयारी होती.

पण सरांना काय मिळणार होतं? आमच्या सीए ऑफिसात एकतीस मार्चला रजा नावाची वस्तूच नव्हती. एकदा आमच्या एका सहकाऱ्याचे वडील तीस तारखेला वारले, तेव्हा सरांनी फोनवर हळहळून विचारलं होतं, "फार वाईट झालं रे. सकाळी उरकतंय ना?"

आणि तेच सर मला केबिनमध्ये बोलावून, स्वतःच्या हातानं खुर्ची ओढून देत म्हणत होते, "श्रीरंग, बारसं एकतीसलाच ना?"

मी त्यांना तारीख सांगितलेलीच नव्हती. तरी म्हणालो, "हो सर. पण मी सकाळी नऊला मगदूम शेठच्या गोदामात जातो, पोती मोजतो आणि तिथून तसाच बाराला..."

"छे, छे! पूर्ण दिवस जा."

"आणि गोदाम?"

"त्याचं मी बघतो. अरे, आपलं ऑफिस म्हणजे एक कुटुंब आहे. घरातल्या पोरीचं बारसं आणि बाप गोदामात, हे मला चालायचं नाही."

मी सात वर्षं या कुटुंबात होतो. दुसरं कुटुंब घरी होतं. फरक एवढाच, की घरचे लोक संध्याकाळी फोन करून "येणार का?" असं विचारायचे, आणि हे कुटुंब कधी विचारायचं नाही.

ज्योत्स्नाला बातमी सांगितली. ती मिरजेच्याच एका दवाखान्यात नर्स. माणसाचा चेहरा बघून ताप सांगणारी. तिनं मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "काढून टाकलं का तुम्हाला?"

"सरांनी आपणहून दिलीय रजा."

"मग काढून टाकणार असतील."

"अगं, उलट. पहिल्या तारखेपासून बोर्डावर माझं नाव लागतंय. भागीदार! सर म्हणाले, भागीदार झालास की संध्याकाळी सहाला घरी जात जा."

"लिहून दिलंय का?"

"सरांच्या शब्दावर..."

"मी आपलं विचारलं हो," ती म्हणाली. "दुसऱ्यांचे कागद तपासण्यात तुमचा जन्म गेला."

*

गोदामाचं सांगायला हवं. दादासो मगदूम हे सांगलीतले हळदीचे मोठे व्यापारी आणि आमचे सर्वांत जुने अशील. गोदामातल्या हळदीवर बँकेनं त्यांना कर्ज दिलेलं. दरवर्षी एकतीस मार्चला आमच्यातला एकजण जाऊन पोती मोजणार, दाखला लिहिणार आणि तो संध्याकाळच्या आत बँकेत पोचणार. पोती आहेत तोवर कर्ज आहे, इतका साधा मामला. तीन वर्षं हे काम माझ्याकडं होतं. सही माझी असे, कारण सर स्वतः फक्त फीच्या पावतीवर सही करत. हळदीच्या गोदामातून माणूस कान, नाक, नखं सगळं पिवळं करून बाहेर येतो. ज्योत्स्नानं त्या दिवसासाठी माझा एक जुना शर्टच बाजूला काढून ठेवला होता.

बारशाच्या दिवशी मी पांढरा सदरा घातला. सासऱ्यांच्या गच्चीवर मांडव, पाळण्याला झेंडूची माळ आणि उन्हानं तापलेले नातेवाईक. साडेदहाला मी स्टुलावर चढून पाळण्याची दोरी बांधत होतो. नाव ठेवणार माझी थोरली बहीण, आक्का. ती कऱ्हाडहून सकाळीच आली होती आणि आल्यापासून सगळ्यांना कामाला लावत होती.

साडेबाराच्या सुमाराला खाली गाडी थांबली. गाडी मगदूम शेठची होती, उतरले मात्र सर. पांढरी सफारी, एका हातात चांदीच्या वाळ्यांची डबी, दुसऱ्या हातात निळी फाइल. आक्काच्या हातात वाळे पडले तशी ती विरघळली. "साहेब असावा तर असा. एवढ्या गडबडीच्या दिवशी माणूस आला बघ!"

"घरचंच कार्य आहे, ताई," सर म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला जिन्यातून खाली, सासऱ्यांच्या खोलीत घेऊन गेले. तिथं पलंगावर आहेराच्या पिशव्या होत्या. दोन पिशव्या सरकवून सरांनी जागा केली आणि फाइल उघडली.

दाखला तयार होता. आज दिनांक एकतीस मार्च रोजी सकाळी नऊ ते दुपारी बारा या वेळेत मी, श्रीरंग तांबवेकर, मगदूम यांच्या सांगली येथील गोदामात स्वतः हजर राहून दोन हजार एकशे चाळीस पोती मोजली.

"सर, मी नव्हतो तिथं."

"कुठं होतास?"

"इथं."

"इथं यायला रजा कुणी दिली?"

"तुम्ही."

"मग?" सर म्हणाले.

केबिनमध्ये न सापडलेला फायदा आहेराच्या पिशव्यांत बसून सापडला. मागच्या वर्षी मी गोदामातल्या थप्पीवर चढलो होतो. खालून बघावं तर पोत्यांचा भरगच्च डोंगर. वरून बघितलं तर मधोमध खोली. चारी बाजूंनी पोत्यांची भिंत, आत खाट टाकून माणूस संसार करेल एवढी मोकळी जागा. सहाशे पोती कमी होती. मी तसं लिहितो म्हटल्यावर शेठना दुपारच्या दुपारी ट्रक लावून कुणाकडून तरी उसनी पोती आणावी लागली होती. तेव्हापासून ते मला 'वर चढणारे साहेब' म्हणत. या वर्षी त्या खोलीचा दिवाणखाना झाला असावा. आणि वर चढणारे साहेब मिरजेत दोरी बांधत होते.

"सर, कमी आहेत का पोती?"

"मी मोजली नाहीत," सर शांतपणे म्हणाले. "शेठच्या माणसांनी मोजलीत. त्यांच्यावर अविश्वास दाखवू? हे बघ श्रीरंग, आपला रोहन. शेठ ज्या संस्थेचे विश्वस्त आहेत तिच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी शब्द टाकलाय. जूनला प्रवेश. तूही आता बाप आहेस. बाप झाल्यावर माणसाला काही गोष्टी कळतात."

सरांच्या घरात काम आणि कुटुंब यांचं कधी भांडण नव्हतं. दोघं एकाच ताटात जेवत.

तेवढ्यात ज्योत्स्ना आली. हातात घुगऱ्यांची बशी. "अहो, आक्का खोळंबल्यात. बाप नसला तर नाव कुणापुढं..." तिचं लक्ष कागदाकडं गेलं. तिनं बशी सरांच्या हातात दिली आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"नऊ ते बारा?"

"सूनबाई, हे नुसतं कागदाचं काम असतं," सर हसून म्हणाले.

"साडेदहाला हे स्टुलावर होते. मीच म्हणत होते, पडाल."

"तेच सांगतोय, फॉर्मॅलिटी."

"आमच्याकडं पेशंट न बघता ताप लिहिला, तर मेमो मिळतो," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुमच्याकडं माणसं असतात. ही पोती आहेत. पोत्याला ताप येत नाही." सरांनी दोन घुगऱ्या तोंडात टाकल्या. "छान झाल्यात हो. मीठ बेताचं."

वरून आक्काची हाक आली. "श्रीरंगा! पोरगी रडायला लागली रे!"

सरांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं धरलं. "पाचच्या आत बँकेत जायला हवा. तिकडं बोर्डवाला तुझ्या नावाची अक्षरं विचारतोय."

ज्योत्स्ना दाराला टेकून नुसती बघत राहिली. मी सही केली.

आमच्या दाखल्यांना एक शेपूट असते. सहीच्या खाली डावीकडं दोन मोकळ्या रेघा, सही करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं भरायच्या: एक स्थळ, एक दिनांक. सात वर्षांत हजारो वेळा मी त्या भरल्या होत्या. त्या दिवशीही भरल्या. दिनांक: ३१ मार्च. स्थळ: मिरज.

सरांनी सहीवर फुंकर मारली, फाइल मिटली आणि जिलबी खायला वर आले. सहीच्या खाली वाचायची त्यांना सवय नव्हती. भाग्यवान माणसाची नजर सहीपर्यंतच जाते.

आक्कानं मुलीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, मुक्ता. बायकांनी आक्काच्या पाठीत धपाटे घातले. संध्याकाळी आहेर मोजताना ज्योत्स्ना म्हणाली, "मुद्दाम लिहिलंत ना ते मिरज?"

"सवयीनं."

"तुमच्या सवयी मला माहीत आहेत," ती म्हणाली.

*

पहिल्या तारखेला बोर्डावर नाव लागलं. सरांनी शब्द पाळला. मी खरंच सहाला घरी जाऊ लागलो. मुक्ता पालथी पडली ती माझ्यासमोर. पहिला दात मला दिसला, ज्योत्स्नाच्या आधी. दाखल्याचं मी जवळजवळ विसरलो होतो. बँकेतही तो कुणी वाचला नाही. शिक्का बसला, फाइल कपाटात गेली, कर्ज चालू राहिलं. जूनमध्ये रोहनचा प्रवेश झाला, तेव्हा सरांनी सगळ्या ऑफिसला पेढे दिले. मला दोन.

श्रावणात बँकेत नव्या अधिकारी आल्या. वाघचौरे मॅडम. चाळिशीच्या, बारीक, टेबलावर डबा आणि मुलीच्या शाळेचं वेळापत्रक काचेखाली. त्यांनी जुन्या फाइली वाचायला काढल्या. म्हणजे खरोखर वाचायला. आठवड्याभरात मला आणि सरांना बोलावणं आलं.

"तांबवेकर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून खालपर्यंत वाचत गेले. गोदाम सांगलीत, सही मिरजेत. दोन्हीकडं तारीख एकच."

सर मनापासून हसले. "मॅडम, नजरचूक! मिरज याची सासुरवाडी. जावयाच्या डोक्यातून सासुरवाडी जाते का कधी?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोती तुम्ही मोजलीत?"

टेबलाखाली सरांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला. हळूच, वडीलधाऱ्यासारखा.

"त्या दिवशी माझ्या मुलीचं बारसं होतं, मॅडम," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"साडेबाराला. पण मी सकाळपासून मिरजेतच होतो."

गुडघा बाजूला झाला.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "मुलगी कशी आहे?"

"दात आलाय."

"छान. मला हेच चार ओळींत लिहून द्याल? दात सोडून. तुमचा कागद हातात असेल तर आजच्या आज मी गोदामाला सील लावू शकते. नाहीतर वरच्या ऑफिसची परवानगी मागावी लागेल. आणि परवानगी मागितली, की ती देणाऱ्याआधी कर्ज घेणाऱ्याला कळते."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी त्याच्याकडं बघितलं. चार ओळी लिहायच्या होत्या. पहिली ओळ लिहिली की मी खोटा दाखला दिला हे सिद्ध. दुसरीत बोर्डावरचं नाव जाणार, तिसरीत माझी सीएची सनद. चौथी ओळ मला दिसतच नव्हती.

"दोन दिवस द्या, मॅडम," मी म्हणालो.

"दोन दिवसांत थप्पी भरते, तांबवेकर."

"विचार करून सांगतो."

त्यांनी कागद परत घेतला, आणि रद्दीत न टाकता ड्रॉवरमध्ये ठेवला.

बाहेर पडल्यावर सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर सांगितलीस, श्रीरंग." आणि मला तिथंच सोडून गाडीत बसून गेले. गाडी कुठं वळली ते मला दिसलं. ती हळदीच्या बाजाराकडं वळली.

दोन दिवस मी खूप विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आमच्या धंद्यात राजीनाम्याला फार मान आहे. लाच नको म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, पण राजीनामा देणाऱ्याकडं लोक मान वळवून बघतात. मी कारण लिहिलं: कौटुंबिक. सरांना ते इतकं आवडलं, की त्यांनी निरोपसमारंभ केला. नारळ दिला, शाल दिली आणि भाषण केलं. "आजच्या काळात कुटुंबासाठी भागीदारीवर पाणी सोडणारा माणूस विरळा. आपलं कुटुंब एका सदस्याला मुकतंय, पण एका कुटुंबासाठीच मुकतंय." टाळ्या पडल्या. मगदूम शेठनी आंब्याच्या वड्यांचा पुडा पाठवला होता. गावात वेगळीच कुजबुज झाली. तांबवेकरांना काहीतरी खटकलं, म्हणून बाणेदारपणे सोडलं म्हणे. मी दोन्हींपैकी काहीच खोडून काढलं नाही.

घरी शाल बघून ज्योत्स्ना म्हणाली, "ऊबदार आहे. त्या बाईंना कागद दिलात?"

"आता मी त्या फर्मचा कुणीच नाही."

"सही केलीत तेव्हा होतात."

"नोकरी सोडली मी, ज्योत्स्ना. याहून माणसानं काय करायचं?"

"पेशंट गॅसवर ठेवायचा आणि आपली ड्यूटी संपली म्हणून घरी यायचं," ती म्हणाली. "आमच्याकडं त्याला राजीनामा म्हणत नाहीत." आणि मुलीला भात भरवायला निघून गेली. आठ दिवस ती माझ्याशी फक्त मुक्ताच्या तोंडून बोलत होती. 'बाबांना सांग, दूध उतू जातंय.'

त्या चार ओळी लिहायला मला सात आठवडे लागले. मसुदे पुष्कळ केले. एकात मी फसवला गेलो होतो, एकात दबावाखाली होतो, एकात बारशाच्या गडबडीत होतो. शेवटी जे झालं तेच लिहिलं. चौथी ओळ तेव्हा सापडली. 'स्थळ मी मुद्दाम मिरज लिहिलं, कारण सांगायची हिंमत नव्हती आणि कुणीतरी दुसऱ्यानं शोधून काढावं असं वाटत होतं.' सही केली, पाकिटात घातली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी बँकेत गेलो.

मॅडमच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ होते. काचेखाली वेळापत्रक नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या ढवळेंनी मला ओळखलं.

"वाघचौरे मॅडम? त्यांची बदली झाली की, पंधरवडा झाला."

"इतक्यात? दोन महिनेही झाले नव्हते."

"अहो, मगदूम शेठच्या गोदामाचं खूळ घेतलं होतं डोक्यात. परवानगी मागितली, ती आली नवव्या दिवशी. गेल्या तपासायला, तर गोदाम छतापर्यंत भरलेलं! मुंगीला जागा नाही. सगळ्या थप्प्यांवर चढल्या स्वतः, आणि आल्या कानापर्यंत पिवळ्या होऊन. इथं सगळे हसले. शेठनी वर तक्रार केली, प्रामाणिक गिऱ्हाइकाला त्रास देतात म्हणून. झालं! चारशे किलोमीटर लांब."

"आणि मुलगी? शाळेत होती ना त्यांची?"

"दहावीला. आता मध्येच शाळा कशी बदलणार? नवरा नाही त्यांना, वारला मागेच. पोरीला इथंच एका ओळखीच्यांकडं ठेवलीय. मॅडम येतात महिन्यातून एकदा, जमेल तसं." ढवळेंनी चष्मा पुसला. "बाई चांगल्या होत्या हो. पण जरा जास्तच वाचायच्या. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो." आणि पाकीट खिशात ठेवलं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी स्वतःची लहानशी प्रॅक्टिस काढली, ती बरी चालते. लोक विश्वासानं येतात. बाणेदार म्हणून नाव आहे. तो हिशेब मी पुष्कळदा मांडून बघितला, दर वेळी उत्तर तेच येतं. मगदूम शेठनी उसन्या पोत्यांचं गाडीभाडं भरलं. सरांनी बोर्ड परत रंगवून घ्यायचे दीडशे रुपये भरले. रोहन डॉक्टर झाला. बँकेचं काही गेलं नाही, शेठनी पुढं हळद तेजीत विकून कर्ज फेडलं. मी काहीच भरलं नाही, उलट मला माझी मुलगी मोठी होताना रोज बघायला मिळाली. उरलेलं सगळं एका दहावीतल्या मुलीनं, दुसऱ्यांच्या घरात राहून, वर्षभर भरलं. तिचं नाव मी तेव्हा विचारलं नाही, आणि तिला माझं माहीत असायचं काही कारण नाही.